रामरक्षा पाठ, नाश्ता विसरला: मेंदूत आठवण कुठे शोधायची?

आधी तुमचा प्रश्न मला समजला तसा मांडते. तुम्ही कला शाखेतून पदवी घेऊन मानसशास्त्रात एम.ए. करताय, शाळा मराठी माध्यमाची. स्मृती आणि मेंदू यांवर एक अख्खा पेपर आहे. हिप्पोकॅम्पस, अमिग्डाला, थॅलॅमस ही नावं तीनदा पाठ केलीत आणि तिन्ही वेळा आठवड्याभरात उडून गेली. घरात ८१ वर्षांचे आजोबा आहेत. ते रामरक्षा अडखळल्याशिवाय म्हणतात, पावकी-निमकी अजून तोंडपाठ आहे, पण सकाळी पोहे खाल्ले की उपमा हे दुपारी सांगता येत नाही. तर आठवण मेंदूत नक्की कुठे साठते, आणि हे सगळं डोक्यात राहील असं शिकायचं कसं, असे दोन प्रश्न आहेत.

मी २८ वर्षं वैद्यकीय महाविद्यालयात शरीररचनाशास्त्र शिकवलं. दरवर्षी पहिल्या वर्षाच्या मुलांच्या हातात मेंदू दिला. त्यामुळे मेंदू हाताळणाऱ्याच्या बाजूने उत्तर देते, मानसशास्त्राच्या बाजूने तुमचे प्राध्यापक देतीलच. आजोबांबद्दल मात्र इथे बसून निदान करणार नाही. त्यांच्याबद्दल पुढे वेगळं लिहिलंय, ते आधी वाचलंत तरी चालेल.

तुमची खरी अडचण पाठांतराची नाही. तुम्ही मेंदूला कपाट समजताय आणि प्रत्येक खणावरची चिठ्ठी पाठ करताय. चिठ्ठी आणि खण यांना जोडणारं काहीच नसेल, तर चिठ्ठी गळून पडणारच. माझंही असंच झालं होतं. पहिल्या वर्षाच्या तोंडी परीक्षेत बाहेरून आलेल्या परीक्षकांनी अख्खा मेंदू माझ्या हातात ठेवला आणि विचारलं, "याची पुढची बाजू कुठली?" मला मेंदूतून निघणाऱ्या बाराही मज्जातंतूंची नावं क्रमाने येत होती, पण मेंदू मी उलटा धरला होता. लहान मेंदू परीक्षकांकडे आणि कपाळाची बाजू माझ्याकडे. ते काही बोलले नाहीत, फक्त मेंदू हातातून घेऊन सरळ करून परत दिला.

तेव्हापासून माझा नियम झाला की भागाचं नाव शेवटी शिकायचं. तो भाग गेला तर माणसाचं काय जातं, हे आधी बघायचं.

स्मृतीच्या बाबतीत हे दाखवणारा माणूस म्हणजे हेन्री मोलेसन. तुमच्या पुस्तकात तो 'एच. एम.' या आद्याक्षरांनी असेल, कारण २००८ मध्ये तो वारला तोवर त्याचं नाव जाहीर केलं नव्हतं. अमेरिकेतल्या कनेक्टिकट राज्यातला हा तरुण. लहानपणापासून फिट्स यायच्या, औषधांनी थांबेनात. १९५३ मध्ये, तो २७ वर्षांचा असताना, विल्यम स्कोव्हिल या शल्यविशारदाने दोन्ही कानशिलांच्या आतल्या बाजूचा मेंदूचा भाग काढून टाकला. फिट्स बऱ्याच कमी झाल्या. पण त्यानंतर हेन्रीला नवीन काही आठवेना. जेवण झालेलं आठवेना, भेटलेला डॉक्टर आठवेना. कॅनडातून त्याला तपासायला येणाऱ्या मानसशास्त्रज्ञ ब्रेंडा मिल्नर वर्षानुवर्षं येत राहिल्या आणि त्याच्यासाठी त्या प्रत्येक वेळी नव्याच होत्या. स्कोव्हिल आणि मिल्नर यांचा या रुग्णावरचा लेख १९५७ चा. स्मृतीच्या अभ्यासाची दिशा त्याने बदलली.

आता त्याचं काय गेलं नाही ते बघा, कारण शिकण्यासारखं तिथेच जास्त आहे. बुद्धी शाबूत होती, बोलणं नीट होतं, बालपण आठवत होतं. एकदा त्याला ५८४ हा आकडा लक्षात ठेवायला सांगितला. तो पंधरा मिनिटं आकड्यांची बेरीज-वजाबाकी मनात घोळवत बसला आणि त्याने आकडा बरोबर सांगितला. मिनिटाभराने विषय बदलला, तर आकडाही गेला आणि असा काही आकडा होता हेही गेलं. म्हणजे हातात धरून ठेवायची शक्ती होती, खाली ठेवलेलं परत सापडत नव्हतं. आपण ओटीपी टाकेपर्यंत तोंडाने पुटपुटतो आणि टाकल्यावर विसरतो, तेवढंच त्याच्याकडे उरलं होतं. याला कार्यकारी स्मृती म्हणतात. तिचं काम मुख्यतः कपाळामागचा भाग आणि डोक्याच्या वरच्या-मागच्या बाजूचा भाग मिळून करतात, आणि हेन्रीचे ते भाग जवळजवळ शाबूत होते.

दुसरा प्रयोग याहून मजेदार. आरशात बघून चांदणीच्या दोन रेघांच्या मधून पेन्सिल फिरवायची. करून बघा, हात भलतीकडेच जातो. हेन्रीने हे सलग तीन दिवस केलं. दर दिवशी त्याच्या चुका कमी होत गेल्या आणि तिसऱ्या दिवशी तो सराईत झाला. पण आपण हे आधी कधी केलंय, असं त्याला वाटत नव्हतं. हात शिकला होता आणि हे हेन्रीला ठाऊक नव्हतं. म्हणजे 'स्मृती' हा एकच शब्द असला तरी मेंदूत ती एक वस्तू नाही. प्रसंगांची आणि माहितीची आठवण वेगळी, हाताच्या सवयीची वेगळी.

हेन्रीचा जो भाग काढला, त्यात मुख्य होता हिप्पोकॅम्पस. आता तो हातात घेऊ.

ताजा मेंदू नीट न जमलेल्या खरवसासारखा असतो, बोटाने दाबला की खड्डा पडतो. फॉर्मॅलिन या टिकवण्याच्या द्रावणात काही आठवडे ठेवला की पनीरसारखा घट्ट होतो, तेव्हा कुठे कापता येतो. वजन साधारण १३०० ते १४०० ग्रॅम. मेंदू उलटा ठेवायचा, कानाच्या बाजूचा खंड, म्हणजे टेम्पोरल लोब, धरायचा आणि त्याच्या आतली पोकळी उघडायची. पोकळीच्या तळाशी पांढरट, गुळगुळीत उंचवटा दिसतो. करंगळीएवढा जाड, चार-पाच सेंटिमीटर लांब. पुढच्या टोकाला दोन-तीन खाचा, मांजराच्या पंजासारख्या. हाच हिप्पोकॅम्पस. दरवर्षी कोणी ना कोणी म्हणायचंच, "मॅडम, एवढाच?" हो, एवढाच, दोन्ही बाजूंना एकेक.

त्याचा आडवा छेद घेतला तर आत वळण दिसतं, एक पदर दुसऱ्यात गुंतलेला. जुन्या शरीररचनाकारांना त्यात मेंढ्याचं शिंग दिसलं, म्हणून त्यांनी त्याला इजिप्तच्या अमोन देवाचं शिंग म्हटलं. पुस्तकात 'सीए १', 'सीए ३' अशी रुक्ष नावं येतात, ती या 'कॉर्नू अमोनिस'ची आद्याक्षरं. आपल्या देवघरातला शाळिग्रामही याच देवाचा नातलग आहे. तो ज्या जीवाचा अश्म आहे त्या अमोनाइटला हे नाव त्याच शिंगावरून मिळालं. हे एकदा कळलं की 'सीए' विसरायला होत नाही, निदान माझे विद्यार्थी तरी विसरले नाहीत. बाकीच्या नावांचीही अशीच गंमत आहे. हिप्पोकॅम्पस म्हणजे समुद्रघोडा, अमिग्डाला म्हणजे बदाम, कॉर्टेक्स (मेंदूचा बाहेरचा थर) म्हणजे झाडाची साल, थॅलॅमस म्हणजे आतली खोली. ज्यांनी नावं ठेवली त्यांना काम काय ते माहीत नव्हतं, त्यांनी दिसलं ते लिहिलं. तुम्ही ती परीक्षेची परिभाषा म्हणून वाचता, म्हणून जड जातात.

आता सगळ्यात महत्त्वाचं. हिप्पोकॅम्पसमध्ये आठवणी 'साठवलेल्या' नसतात. तसं असतं तर हेन्रीचं बालपणही त्याच्याबरोबर गेलं असतं. मी वर्गात सातबाराचं उदाहरण द्यायचे. जमीन तलाठ्याच्या कपाटात नसते, कपाटात असतो सातबारा. कुठला गट, कोणाच्या नावावर, शेजारी कोण, ही नोंद. तुमच्या सकाळच्या पोह्यांचा पिवळा रंग डोळ्यांकडून येणाऱ्या माहितीच्या सालीत, म्हणजे डोक्याच्या मागच्या भागात, हाताळला जातो. वास वेगळीकडे, आजीचा आवाज कानशिलाच्या वरच्या पट्टीत. हे तुकडे एकाच प्रसंगाचे आहेत ही नोंद हिप्पोकॅम्पस करतो. पुढे नुसता वास आला तरी या नोंदीच्या आधारे बाकीचे तुकडे जागे होतात. नोंद करणाराच नसेल तर जमीन आहे, पण कोणाची ते कोणालाच सांगता येत नाही.

आणि जुन्या जमिनीचं काय होतं? पिढ्यान्‌पिढ्या कसलेल्या शेताचा बांध गावात पोराटोरालाही ठाऊक असतो, कोणी सातबारा काढत नाही. वारंवार उजळलेली आठवण तशीच होते. सालीतल्या तुकड्यांचे आपापसातले धागेच पक्के होतात आणि हिप्पोकॅम्पसवरचा भार कमी होतो. यात झोपेचा वाटा मोठा आहे. इथे एक इमानदारीची टीप: भार कमी होतो की पूर्ण संपतो यावर तज्ज्ञांचं एकमत नाही. हेन्रीला बालपण आठवायचं, पण एखादा दिवस डोळ्यांसमोर उभा करून सांगणं त्याला जमत नव्हतं, सारांशच यायचा. म्हणून काहींच्या मते सविस्तर प्रसंग आठवायला हिप्पोकॅम्पस कायम लागतो. परीक्षेत दोन्ही बाजू लिहा.

हिप्पोकॅम्पस एकटा काम करत नाही हेही हातात मेंदू असताना लगेच दिसतं. त्याच्या कडेने पांढऱ्या तंतूंचा पट्टा निघतो, त्याला फॉर्निक्स, म्हणजे कमान म्हणतात. तो मागून वर चढतो, कमानीसारखा पुढे येतो आणि खाली उतरून मेंदूच्या तळाशी असलेल्या दोन वाटाण्याएवढ्या गोळ्यांत शिरतो. तिथून वाट थॅलॅमसमध्ये जाते. बोथट चिमट्याने हा पट्टा सोडवत नेणं हे माझं सगळ्यात आवडतं काम. या वाटेवर कुठेही घाव बसला तरी नवीन आठवण अडते. वर्षानुवर्षं दारू पिणाऱ्यांत बी १ जीवनसत्त्व कमी पडून मेंदूच्या तळाच्या त्या दोन गोळ्या आणि थॅलॅमसचा भाग खराब होतो. मग हिप्पोकॅम्पस बराचसा ठीक असूनही रुग्ण हेन्रीसारखाच विसरतो, आणि वर रिकाम्या जागा मनाने भरून सांगतो. तो खोटं बोलत नसतो, त्याला ते खरंच वाटत असतं. १९११ मध्ये एदुआर क्लापारेद या स्विस डॉक्टरांनी अशाच एका बाईशी हस्तांदोलन करताना बोटांत टाचणी लपवली होती. पुढच्या भेटीत तिने त्यांना ओळखलं नाही, पण हात मात्र पुढे केला नाही. (आजच्या नीतिनियमांत हा प्रयोग बसणार नाही, आणि बसू नयेच.)

हिप्पोकॅम्पस एकटा पुरत नाही हे पुढे हेन्रीच्या मेंदूतही दिसलं. स्कोव्हिल यांचा अंदाज होता की आपण आठेक सेंटिमीटर खोल गेलो. १९९० च्या दशकात एमआरआय झाला तेव्हा ते पाचच्या आसपास निघालं. २००९ मध्ये सॅन डिएगोत त्याच्या मेंदूचे २४०१ पातळ काप करण्यात आले. त्यात हिप्पोकॅम्पसचा मागचा बराच भाग जागेवर असल्याचं दिसलं. पण त्याच्याकडे माहिती आणणारा दरवाजा, म्हणजे शेजारची एंटोऱ्हायनल साल, जवळजवळ पूर्ण गेली होती.

बाकीचे दोन-तीन भाग झटपट. अमिग्डाला हिप्पोकॅम्पसच्या अगदी पुढ्यात आहे आणि प्रसंगाला भीतीचा, भावनेचा शिक्का मारते. ३० सप्टेंबर १९९३ ची किल्लारीची पहाट ज्याने अनुभवली त्याला ती विसरता येत नाही, ते याच शेजारामुळे. पण अशी आठवण ठसठशीत असते म्हणून तपशिलात अचूक असतेच असं नाही. हाताची कसबं, पोळी लाटणं, सायकल, तबल्याचा कायदा, यांत लहान मेंदू आणि मेंदूच्या गाभ्यातल्या बेसल गँग्लिया यांचा मोठा भाग असतो. लहान मेंदूला नावावरून कमी समजू नका. आपण वर्षानुवर्षं मेंदूत १०० अब्ज पेशी असं शिकवत आलो. २००९ मध्ये नीट मोजल्यावर आकडा ८६ अब्जांच्या आसपास आला, आणि त्यातल्या जवळजवळ ६९ अब्ज एकट्या लहान मेंदूत निघाल्या. पेशींच्या जोडणीत नेमकं काय बदलतं, त्यासाठी एरिक कँडेल यांचं समुद्री गोगलगायीवरचं काम वाचा. त्यांना २००० चं नोबेल त्यावरच मिळालं. तो स्वतंत्र विषय आहे, इथे शिरत नाही.

आता आजोबा. रामरक्षा आणि पावकी-निमकी त्यांनी लहानपणी हजारो वेळा म्हटली, पुढचा शब्द मागच्याला चिकटलेला. त्याला आज नोंदवहीची गरज नाही. मधूनच एखादी ओळ विचारा, त्यांना बहुधा सुरुवातीपासून म्हणत तिथवर यावं लागेल. नाश्ता मात्र आज सकाळचा, एकदाच घडलेला, त्यासाठी नवी नोंद लागते. वय वाढतं तशी नोंद करण्याची गती मंदावते, हे काही अंशी सगळ्यांचंच होतं. अल्झायमरचा आजारही बहुतेकदा त्याच दरवाजापासून, एंटोऱ्हायनल सालीपासून सुरू होतो, म्हणून जुनं राहून नवं आधी जातं. तेव्हा तुम्ही सांगितलेल्या एका गोष्टीवरून दोन्हीतलं काय, हे कोणालाही सांगता येणार नाही.

बरंच काही परिस्थितीवर अवलंबून आहे. आठवण करून दिली की "हां, पोहे!" असं येतं का? ओळखीच्या रस्त्यावर चुकतात का, पैशांचे व्यवहार गोंधळतात का, तोच प्रश्न पाच मिनिटांत पुन्हा विचारतात का? ऐकू नीट येतं ना? झोपेची गोळी चालू आहे का? मन उदास आहे का? शाकाहारी घरात बी १२ ची कमतरता सर्रास असते, थायरॉइडही बघायला हवा. या कारणांवर इलाज होतो. एकदा फॅमिली डॉक्टरांकडे न्या, ते गरजेप्रमाणे न्यूरॉलॉजिस्टकडे पाठवतील. आणि गोंधळ दोन-चार दिवसांत अचानक वाढला, ताप असला किंवा पडले असतील, तर वाट बघू नका, त्याच दिवशी दाखवा. तोवर एकच विनंती, पाहुण्यांसमोर "सांगा, मी कोण?" अशी परीक्षा घेऊ नका. विचारायचंच असेल तर पावकी विचारा.

राहिला अभ्यास. एबिंगहाउस या जर्मन मानसशास्त्रज्ञांनी १८८५ मध्ये स्वतःवरच प्रयोग करून दाखवलं की निरर्थक अक्षरं पहिल्या काही तासांतच भराभर उडतात. तुम्ही तीनदा पाठ केलंत ते तुमच्यासाठी निरर्थक अक्षरांसारखंच होतं. दुसरं, तुम्ही बहुधा पुन्हापुन्हा वाचताय. पुन्हा वाचलं की ओळखीचं वाटतं आणि आपल्याला येतं असा भास होतो. रोडिगर आणि कार्पिक या मानसशास्त्रज्ञांनी २००६ मध्ये विद्यार्थ्यांवर हे तपासलं. पाच मिनिटांनी विचारलं तर पुन्हा वाचणारे पुढे होते. आठवड्याने विचारलं तर पुस्तक मिटून आठवून लिहिणारे पुढे गेले. तुमची परीक्षा पाच मिनिटांनी नसते.

म्हणून माझ्या मुलांना मी हे करायला लावायचे. कोरा कागद, पुस्तक मिटलेलं. मेंदूची बाजूची बाह्यरेषा काढा, कितीही वाकडी येऊ दे. हिप्पोकॅम्पस ठेवा, कमान काढा, दोन गोळ्या, थॅलॅमस. मग प्रत्येक ठिकाणी खोडरबर ठेवा आणि मोठ्याने सांगा, "हे गेलं, आता हा माणूस काय करू शकणार नाही, आणि काय करू शकेल?" अडलात की मगच पुस्तक उघडा. दुसऱ्या दिवशी परत, मग चार दिवसांनी, मग दहा. दिवसांचा हिशेब काटेकोर नको, थोडंसं विसरायला झालं असताना आठवायचं एवढंच. पहिल्यांदा चित्र भिकार येतं. ते टाकू नका, तारीख घालून ठेवा.

शक्य असेल तर खरा मेंदू बघा. बंगळूरूला निम्हान्स या मानसिक आरोग्य आणि मेंदूविज्ञानाच्या राष्ट्रीय संस्थेत मेंदूंचं संग्रहालय आहे, सामान्य माणसांनाही बघता येतं, जाण्याआधी वेळ विचारून घ्या. तेवढं लांब जमलं नाही आणि तुमच्या घरी चालत असेल, तर खाटकाकडून बोकडाचा भेजा आणा. अख्खा काढून द्या म्हणून आधी सांगून ठेवा, नाहीतर सुऱ्याने दोन तुकडे होतात. मिठाच्या पाण्यात हलकी उकळी दिली की कापण्याइतका घट्ट होतो. घरी फॉर्मॅलिनच्या भानगडीत पडू नका, ते विषारी आहे. वरून मधल्या भेगेत अंगठे घालून हळूच फाकवा, खाली दोन्ही बाजूंना जोडणारा पांढरा पट्टा दिसेल. त्याच्या बाजूने सालीचं छप्पर उचललं की पोकळी उघडते, आणि तिच्यात वळसा घेऊन बसलेला हिप्पोकॅम्पस. बोकडात तो आपल्यापेक्षा वरच्या अंगाला असतो आणि मेंदूच्या मानाने चांगला मोठा, त्यामुळे नवख्यालाही सापडतो. रविवारी जाणार असाल तर आठच्या आत जा, नऊनंतर भेजा शिल्लक राहत नाही.